हार्पसिकॉर्डची रचना ओबो आणि तंतुवाद्यांसाठी बसवताना

नाशिकमध्ये, गंगापूर रोडवरील आमच्या तालमीच्या खोलीत, जर्मन संगीतकार बाखच्या १७३५ साली प्रसिद्ध झालेल्या, हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे, पण तारा छेडून वाजणारे पट्ट्यांचे वाद्य) या एकट्या वाद्यासाठीच्या ‘इटालियन कन्चेर्तो’चा डी मायनर या स्वरश्रेणीतील मधला भाग बसवायला घेतला, कारण त्यात उजव्या हाताची नक्षीदार सुरावट आणि डाव्या हाताची संथ साथ मुळातच वेगळी आहे. सुरावट ओबो या फुंकवाद्याला द्यावी; साथीतील खर्जाचे स्वर चेलोला, वरच्या स्वरांच्या जोड्या दुसऱ्या व्हायोलिनला व व्हायोलाला वाटाव्यात. खरी अडचण श्वासाची: हार्पसिकॉर्डला दम लागत नाही, त्यामुळे श्वासाच्या जागा स्वरलिपीत स्वल्पविरामाने आधीच दाखवाव्यात, मात्र लांब धरलेल्या स्वराच्या मध्यावर कधीही नाही. डबल बास हे सर्वांत खर्जाचे तंतुवाद्य लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, म्हणून ते मोजकेच ठेवावे. पहिल्या तालमीत आमची साथ त्यामुळेच जड झाली होती.