एनसीला केस समजू नका: गुन्हा दाखल करताना या चुका टाळा

लालबागच्या चाळीतल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. नळावरून शेजाऱ्याशी भांडण, त्यात धक्काबुक्की आणि शिवीगाळ. प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डाच्या घडीत जपलेला कागद काढून म्हणाल्या, "वकीलसाहेब, केस करून चार महिने झाले, कोर्टाची तारीख कशी येत नाही?" कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, अदखलपात्र. म्हणजे एनसी (नॉन-कॉग्निझेबल).

मुंबईत ही चूक मी सर्वांत जास्त पाहतो. एनसी म्हणजे फक्त नोंद. साधी मारहाण, शिवीगाळ, अब्रुनुकसानी अशा गुन्ह्यांत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 174). 1 जुलै 2024 पासून, नव्या फौजदारी कायद्यांमुळे, तर 5,000 रुपयांच्या आतली चोरीही अदखलपात्र. त्यामुळे ठाण्यातून निघण्याआधी सरळ विचारा, "साहेब, एनसी घेतली की एफआयआर?" एनसीच असेल तर तिची प्रत घेऊन मॅजिस्ट्रेटकडे जा, तपासाचा आदेश मागा किंवा थेट कोर्टात खासगी तक्रार करा. पण मुदत संपू देऊ नका. साध्या मारहाणीला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, म्हणून कोर्टाने दखल घेण्याची मुदतही एकच वर्ष. काकूंच्या हातात आठ महिने उरले होते.

दुसरी गंमत मोबाइलची. गर्दीत खिशातून फोन काढला जातो आणि ठाण्यात लिहिलं जातं 'गहाळ'. सिमकार्डासाठी दाखला लगेच मिळतो, माणूस खूश. पण हरवणं हा गुन्हा नाही, मग तपास कशाचा होणार? चोरी झाली असेल तर जबाबात चोरीच लिहून घ्या आणि सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. घाई असते, मान्य. तरी वाचाच.

"आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकून परत फिरू नका. दादर ते कुर्ला दरम्यान लोकलमध्ये काही घडलं की शहर पोलीस रेल्वे पोलिसांकडे बोट दाखवतात. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात तो, कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआरने नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. तक्रार ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. अनेकांचं घोडं इथेच अडतं.

एफआयआर नाकारला तर थेट कोर्टात धावू नका. आधी पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. मगच प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ती पावती नसल्यामुळे अर्ज अडकलेले मी पाहिलेत. मात्र तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. तेवढ्या दिवसांना नकार समजू नका.

आणि एफआयआर झाला म्हणजे आरोप ठेवले गेले, असंही नाही. पोलीस तपास करून दोषारोपपत्र (चार्जशीट) देतात, आरोप निश्चित करतं ते कोर्ट. दोषारोपपत्रासाठी 60 किंवा 90 दिवसांचा जो आकडा सगळे सांगतात, तो आरोपी कोठडीत असेल तेव्हाचा. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामीन मिळतो, केस संपत नाही.