जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा करताना

वाड्याच्या भिंतीचे पोपडे निघू लागले की बहुतेक ठिकाणी सिमेंट मारले जाते आणि काही पावसाळ्यांतच ते फुगून सुटते. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून सहज बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून ठेवते, आणि मग भिंतीलाच आतून लोणा लागतो, म्हणजे क्षार साचून ती भुसभुशीत होते. म्हणून दगड, वीट आणि मातीच्या जुन्या भिंतीला चुनाच वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रथम करणीच्या मुठीने भिंत ठोकत जावे. जेथे बद्द आवाज येईल तेथील गिलावा काढून दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सुमारे 12 मिलिमीटर खोल खरवडाव्यात. टणक असलेला जुना गिलावा काढू नये.

चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला कोरडा चुना, विरवताना पाण्यात कळी टाकावी, कळीवर पाणी कधीही ओतू नये. चुना उसळून डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे अनिवार्य आहेत. खदखद थांबल्यावर चुना चाळून घ्यावा आणि चक्क्यासारखा घट्ट होईपर्यंत निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यावा. घाई केल्यास न विरलेला खडा पुढे भिंतीत फुगतो आणि गिलाव्याचा टवका उडवतो.

1 भाग चुना आणि 3 भाग चाळलेली, बिनखारी, खरखरीत वाळू घ्यावी. ओलसर जागी वाळूपैकी 1 भाग कमी करून तेवढी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा भुगा, मिसळावी. चुना मळायची घाणी नसेल तर फावड्याने माल पुन्हा पुन्हा कुटून मळावा. कोरडा वाटला तरी लगेच पाणी घालू नये, कारण मळता मळता तो आपोआप लोण्यासारखा होतो. जास्तीच्या पाण्याने मात्र गिलाव्याला नंतर तडे जातात. करणी उलटी धरली तरी माल चिकटून राहिला, म्हणजे तो तयार झाला. गूळ किंवा हिरड्याचे पाणी घालायचे असल्यास आधी हातभर जागेवर नमुना करून पाहावा.

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवावी. एक थर 10 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि ओला असतानाच तो आडवातिडवा ओरखडून ठेवावा. अंगठ्याचे नख रुतेनासे झाले की पुढचा थर द्यावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगडासारखा होतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. म्हणून आठवडाभर ओले गोणपाट टांगून ऊन अडवावे. शेवटी चुन्याचीच सफेदी द्यावी, प्लास्टिक रंग लावू नये.