मोका पॉटची कॉफी कडू होतेय? या चुका टाळा

मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं: खाली पाणी, मधे चाळणीत पावडर, आणि पाणी तापलं की दाबाने कॉफी वरच्या भांड्यात येते. त्याची कॉफी कडूच असते, असं बरेच जण ठामपणे सांगतात. नसते. ती आपण करपवतो.

माझा पहिला मोका पॉट घरी आला तेव्हा मीही करपवलीच. फिल्टर कॉफीची पावडर चमच्याने दाबून दाबून भरली, गॅस मोठा केला आणि दुसऱ्या कामाला लागले. परत आले तर सांध्यातून फुसफुस वाफ निघत होती आणि वरच्या भांड्यात घोटभर काळं पाणी. घरातला जळका वास दुपारपर्यंत गेला नाही.

मोका पॉटमधून एस्प्रेसो निघतो, हा गैरसमज आधी काढून टाकू. इटलीतल्या बारमधला (तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) एस्प्रेसो मशीनवर होतो. साधारण ७ ग्रॅम कॉफीतून ९ बार दाबाने २५-३० सेकंदांत जेमतेम २५-३० मिली कॉफी निघते. १९३३ पासून अल्फोन्सो बियालेत्तींचा मोका पॉट इटलीच्या घराघरांत गेला, पण त्यात दाब १-२ बारच असतो. त्यामुळे जाड क्रेमा (एस्प्रेसोवरचा फेसाचा थर) येत नाही म्हणून हिरमुसू नका. भांड्यात काही बिघाड नाही.

खालच्या भांड्यातलं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच थांबवा. त्यावर गेलं तर कॉफी पातळ होतेच, शिवाय व्हॉल्व्ह पाण्यात बुडतो. पाणी आधीच गरम घेतलं तर पावडर धातूवर उगाच तापत बसत नाही. फक्त वरचं भांडं फिरवून बसवताना खालचं भांडं फडक्याने धरा. पावडर बारीक मिठाएवढी दळलेली हवी आणि चिकोरी (फिल्टर कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) नको, कारण चिकोरीच्या कडसर चवीखाली कॉफी दबून जाते. चाळणी काठोकाठ भरा, बोटाने सपाट करा, दाबू मात्र नका. दाबण्याची सवय मशीनवाल्यांची, इथे तिने पाणी अडतं.

बाजूने वाफ येत असेल तर काठावर पावडरचे कण राहिलेत का ते पाहा. तसं नसेल तर रबरी रिंग कडक झाली असणार. कुकरची बदलतो तशीच ती बदलायची. ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापतच नाही, यात तुमची चूक नाही.

आता खरी गोष्ट आचेची. गॅस बारीक ठेवा, झाकण उघडं ठेवा आणि तिथेच उभे राहा. आधी गडद, दाट धार हळूच वर येते, मग तिचा रंग मधासारखा होतो. ती फिकट पिवळी होऊन गुरगुरायला लागली की लगेच उतरवा आणि तळ ओल्या फडक्यावर टेकवा. शेवटचा थेंब निघेपर्यंत वाट बघितली की कडवटपणा उतरलाच.

साखर घेणाऱ्यांनी नेपल्सची पद्धत जरूर करून पाहावी. वर आलेले पहिले चार-पाच थेंब साखरेवर घ्यायचे आणि चमच्याने खूप घोटायचे. साखर फिकट, मऊ, फेसाळ होते. आपण इन्स्टंट कॉफी फेटतो ना, अगदी तशी. थेंब जास्त पडले की मात्र पाक होतो.

सोबत काय खायचं, यातही चुका होतात. चिवडा, सामोसे चहाबरोबर छान. या छोट्या, तीव्र कपापुढे त्यांचा मसाला कॉफीची चवच लागू देत नाही. इटालियन माणूस सकाळी कॉफीबरोबर बहुतेक गोडच खातो: क्रॉसाँसारखा कोर्नेतो, रोममध्ये क्रीम भरलेला मारितोत्सो पाव, नेपल्समध्ये स्फोल्यातेल्ला. स्फोल्यातेल्लाचे पदर चिरोट्यासारखे सुटतात आणि आत रिकोत्ता चीज, रवा आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल असते. माझ्या मते काळ्या कॉफीला याहून चांगली जोडी नाही. बदामाची कडक कांतुच्ची बिस्किटं मात्र तोस्काना (टस्कनी) भागात विन सांतो या गोड वाइनमध्ये बुडवतात. एस्प्रेसोच्या कपात ती धड मावतही नाहीत.

जेवणानंतर कॉफी गोड पदार्थाबरोबर नाही, तो संपल्यावर येते, आणि तीही काळी. फेसाळ दुधाचा कापुचिनो सकाळचा. बारमध्ये नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर समोर दूध येईल.

नेपल्सला कॉफीबरोबर छोटा पेलाभर पाणी देतात. ते आधी प्यायचं, म्हणजे कॉफीची चव तोंडात रेंगाळते.