गावात हॉल बांधायचा का? आधी वर्षभराची वही लिहा

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. तिथल्याच मराठी शाळेत मी शिकवायची. आता निवृत्त आहे, पण गावात अजून सगळे ‘बाई’च म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी आषाढात शेजारच्या घरातली आजी गेली. बाराव्याचं जेवण अंगणात होतं. पंगत बसली आणि वरची ताडपत्री फाटली. पानात पाणी, भातात पाणी. आजीचा मुलगा वाढप्यांच्या मधे हात जोडून उभा होता, तो मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. त्याच आठवड्यात देवळात बैठक बसली आणि ‘गावाला हॉल पाहिजे’ यावर अर्ध्या तासात सगळ्यांच्या माना हलल्या.

तुमच्या गावातही अशाच माना हलल्या असतील तर तिथंच थांबा. ‘हॉल पाहिजे का’ या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही. म्हणून त्या उत्तरावर काहीच ठरवता येत नाही. आमच्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मोठा हॉल उभा आहे. दाराच्या कड्या गंजल्यात, आत खताची पोती आहेत. तिथल्या माणसांची हौस खोटी नव्हती. आत नेमकं काय होणार, किती वेळा, किती माणसांचं, हे त्यांनी कागदावर मांडलंच नव्हतं.

आम्ही शंभर पानी वही घेतली आणि पाच रकाने आखले. तारीख, प्रसंग, माणसं किती, कुठं जमली, अडचण काय आली. वही दोघांकडे ठेवा, एक देवस्थान पंचांपैकी आणि एक बायकांच्या गटातली. एकट्याच्या वहीत त्याचीच बाजू उतरते. माणसं अंदाजानं लिहू नका. जेवण असेल तर पत्रावळ्या मोजा, सभा असेल तर चहाचे कप. पूर्ण वर्ष लिहायचंच, कारण पावसाळा, सुगी आणि जत्रा यांत गाव तीन वेगळी रूपं घेतं. चार महिन्यांची वही तुम्हाला चुकीच्या बाजूला नेईल.

आमच्या वहीत वर्षाला ४१ प्रसंग आले. मला वाटलं होतं लग्नं पुष्कळ असतील. लग्नं होती फक्त दोन. बाकीची खानापूर-बेळगावच्या मंगल कार्यालयात झाली आणि हॉल बांधला तरी तिकडंच होणार, असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलं. शंभराच्या वर माणसं जमली ती सहा वेळा. उरलेले बहुतेक प्रसंग चाळीसच्या आतले. स्त्रीशक्ती गटाची म्हणजे बायकांच्या बचत गटाची बैठक, भजन, बारसं, लसीकरण, दहावीच्या मुलांचा अभ्यास, बांधाच्या भांडणाचा निवाडा. आणि जून ते सप्टेंबर यांतला एकही प्रसंग अडचणीशिवाय पार पडला नव्हता. म्हणजे आमच्या गावाला लग्नाचा हॉल नको होता. पावसात चाळीस माणसांना कोरडं बसता येईल आणि बाराव्याला शंभराची पंगत उठेल, अशी जागा हवी होती. पंचांनी आधी साठ बाय चाळीस फुटांचा नकाशा काढून आणला होता. वही वाचून झाल्यावर त्यांनीच तो घडी करून ठेवला.

मापासाठी इंजिनिअरकडे जाण्याआधी एक दोरी घ्या. आम्ही शाळेच्या पटांगणात माणसं पंगतीला बसवली, समोर पत्रावळ्या ठेवल्या, वाढपी चालवले आणि दोरीनं मापलं. एका माणसाला साधारण ११ चौरस फूट लागले. तीस बाय चाळीसमध्ये शंभर माणसं नीट बसतात. त्याच्या बाहेर चुलीसाठी छप्पर, हात धुवायची जागा, दोन संडास आणि ट्रॅक्टर वळायला मोकळं अंगण धरा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पाच गुंठ्यांपेक्षा कमी जागेत हे सगळं मावत नाही.

छपराबद्दल आमच्या पावसाचं ऐका. नुसता सपाट स्लॅब काही वर्षांत झिरपायला लागतो आणि वरून पत्रा घालावाच लागतो. नुसता पत्रा घातला तर पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग भजन कसलं करणार! कौलं गार राहतात, पण वानरं फोडतात. आम्ही पत्रा आणि त्याखाली छत असं ठरवलंय.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हॉलच्या आधी भांडी घ्या. आम्ही घरटी पट्टी काढून चार मोठी पातेली, पराती, दोनशे ताटं आणि जाड ताडपत्री घेतली. नेणाऱ्यानं ठरलेलं भाडं द्यायचं आणि घासून, मोजून परत आणायचं. एका वर्षात गावाची परीक्षा होते. भाडं वेळेवर येतं का? पातेल्याला पोचा पडला तर भरून देतात का? हिशेब वाचून दाखवला जातो का? भांडी सांभाळता आली नाहीत तर इमारत सांभाळता येणार नाही, इतकं साधं आहे ते. आमच्याकडं पहिल्या सहा महिन्यांत बारा ताटं गेली. मग देणं-घेणं गटातल्या दोघींकडं सोपवलं. त्यानंतर एकही गेलं नाही.

जागेत मात्र गाव फसतं. देवळाच्या आवारात बांधू असं पहिल्यांदा सगळेच म्हणतात. मी त्याला विरोध केला. सुतकातली माणसं तिथं येणार नाहीत, आणि ज्यांना त्या देवळात आपलेपणानं वावरता आलं नाही ती घरंही येणार नाहीत. हॉल सगळ्यांचा असेल तर तो सगळ्यांच्या पायाखालच्या वाटेवर हवा. शिवाय धार्मिक स्थळाच्या जागेत खासदार निधी चालत नाही. कुणी ‘माझी जागा घ्या’ म्हणालं तर त्याचे आभार माना, पण तोंडी शब्दावर पाया खणू नका. बक्षीसपत्र सब रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. देणाऱ्याच्या भावांना आणि बहिणींना आधी भेटा, उताऱ्यावरची सगळी नावं वाचा. शेतजमीन असेल तर बिनशेती करून घ्यावी लागते.

निधीचा हिशेब डोळे उघडे ठेवून करा. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, हे ऐकून आमच्याकडं पुष्कळ आशा लागली होती. पण आमचा खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात आहे. आठ विधानसभा क्षेत्रं, पार कारवार-भटकळपर्यंत. आमदारांचे २ कोटी तालुक्यात वाटले जातात. मागायचं जरूर, पण त्या भरवशावर खड्डे खणून ठेवायचे नाहीत.

ठराव ग्रामसभेत व्हायला हवा. कर्नाटकच्या पंचायत राज कायद्याप्रमाणे ती सहा महिन्यांतून एकदा तरी भरते. पण एका पंचायतीत चार-पाच गावं असतात आणि आपला विषय त्यांत बुडतो, म्हणून आपल्या वॉर्डसभेत तो आधी पक्का करून घ्या. लेखी काम कन्नडमध्ये चालतं. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना ते वाचता येत नाही. माझ्या नातीनं ठरावाची नक्कल सगळ्यांसमोर वाक्यावाक्यानं मराठीत सांगितली, आणि मगच सह्या झाल्या. त्यात जागेचा सर्व्हे नंबर चुकला होता. तो तिनंच पकडला.

बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी, भांडी आवरल्यावर. मोठ्या बैठकीत त्या मागं बसतात आणि बोलत नाहीत. आमच्या बैठकीत त्यांनी हॉलआधी संडास, पाणी आणि वाटेवरचा दिवा मागितला. नकाशा तिथं दुसऱ्यांदा बदलला. गोव्याला-पुण्याला कामाला असलेली पोरं गणपतीत घरी असतात. पैशाची मोठी बैठक तेव्हाच ठेवा, कारण पट्टीतला बराचसा पैसा त्यांच्याकडून यायचा असतो.

त्या बैठकीत ‘हॉल पाहिजे का’ विचारू नका. विचारा, बांधकामाला घरटी किती देणार? नंतर दरवर्षी वीजबिल, रंग, डागडुजीला किती? झाडू कोण मारणार आणि त्याला काय देणार? किल्ली कुणाच्या घरी? प्रत्येक घराचं उत्तर त्याच वहीत, त्याच्या सहीनं. विधवा एकटी राहत असेल तर तिच्या पुढ्यात आकडा ठेवू नका, ती सांगेल तेवढाच लिहा. आमच्याकडं एक म्हातारी म्हणाली, “पैसा न्हाई माझ्याजवळ बाई, दर सोमवारी झाडीन मी.” तेही लिहिलं, अंगठ्यासह.

आमच्या दोनतृतीयांश घरांनी सही केली. तेवढ्यांवर काम सुरू करायचं असं ठरलं. ज्यांनी केली नाही त्यांनाही हॉल वापरायला मिळणार, भाडं सगळ्यांना एकच, हेही त्याच रात्री लिहून घेतलं. बिनशेतीचा कागद आला की पाया घ्यायचा. तोवर वही चालू आहे. काल वरच्या आळीत बारसं झालं, ५२ माणसं, ओसरीत मावली नाहीत.