बोडीत देशी मासे सोडण्याआधी

गेल्या पावसाळ्यात रामटेककडच्या एका बोडीत, म्हणजे शेतीसाठी बांधलेल्या लहान तलावात, आम्ही मरळ आणि देशी मागूर सोडले. दिवाळीनंतर जाळं टाकलं तर निम्म्याहून जास्त तिलापिया, देशी माशांना हटवणारा परदेशी मासा. येव्याला, म्हणजे पाणी बोडीत येतं त्या वाटेला, जाळी लावायची राहून गेली होती. यंदा नागपूरहून निघण्याआधीच सगळं लिहून ठेवतोय.

मच्छीमार सोसायटीची आणि ग्रामपंचायतीची परवानगी, हे सांगायला नको. पण गावातल्या ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना, पहिल्याच बैठकीला बोलवा. मरळ कुठल्या कोपऱ्यात अंडी घालते ते त्यांनाच ठाऊक असतं.

मे अर्धा सरला की बोडी तळाला जाते, तिलापिया तेव्हाच काढायचा. एकही डबकं सोडू नका. गेल्या वर्षी तळहाताएवढी मादी हातात घेतली तर तिच्या तोंडातून मोहरीएवढी अंडी ओघळली. ती अंडी तोंडातच उबवते, म्हणजे एक मादी सुटली की सगळा खटाटोप वाया. उरलेल्या डबक्यांत मोहाची पेंड टाका. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी 2500 किलो, त्या हिशेबाने. पेंडीने देशी मासेही मरतात, म्हणून ते आधी उचलून टाकीत ठेवा. पुढचे तीन आठवडे पाण्यात काही सोडायचं नाही.

आता येवा. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी आपल्या बोडीत उतरतं, आणि वर तिलापिया आहेच. पहिल्या मोठ्या पावसाआधी येव्याला जाळी लागलीच पाहिजे. आत मच्छरदाणीसारखी बारीक, तिच्यापुढे कचरा अडवायला जाड. नुसती बारीक लावाल तर पळसाच्या पानांनी तुंबेल आणि पाणी वरून जाईल. पावसाळाभर रोज सकाळी ती साफ करणारा माणूस आणि त्याची मजुरी आत्ताच ठरवा, जूनमध्ये सगळे पेरणीच्या मागे असतात. आपल्या सांडव्यालाही जाळी हवी, चढणीचे मासे खालून येतात.

काठावरची बेशरमाची झुडपं मुळासकट उपटा. चिखलात पडलेली फांदीही फुटते. जुन्या तलावातली हायड्रिला ही पाणवनस्पती नीट धुऊन लावा.

बीज, म्हणजे माशांची पिल्लं, घेताना सावध राहा, मागूर म्हणून बंदी असलेला आफ्रिकन मागूर गळ्यात मारतात. ओळखणारा माणूस सोबत न्या. पिशव्या वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग सोडा. तारीख, संख्या लिहा.

आणि बीजाची गाडी बोलावण्याआधी येव्याची जाळी स्वतः हाताने ओढून बघा. फोनवर विचारू नका.