बँकेवर निर्बंध आले तर ठेवीचे पैसे कसे सोडवायचे

सोयाबीन मोंढ्यावर विकलं, कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं, निवृत्तीची रक्कम हातात आली, की मराठवाड्यात तो पैसा बहुतेकदा ओळखीच्या शाखेत जातो. कधी ओळख संचालकाची असते, कधी पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटाची. संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली चालते, हे मात्र क्वचितच कुणी पाहतं. संस्था अडचणीत आली की पैसे मिळणार की नाही, हे तिथेच ठरतं.

म्हणून आधी ठेवपावती काढा आणि सगळ्यात वरची ओळ वाचा. तिथे ‘सहकारी बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, ‘मल्टीस्टेट’, ‘क्रेडिट सोसायटी’? काउंटर, पासबुक, काचेचं केबिन सगळीकडे सारखंच दिसतं. पण ठेव विमा फक्त बँकेला असतो. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका त्यात येतात. पतसंस्था आणि मल्टीस्टेट सोसायट्या येत नाहीत, मग त्यांचं ऑफिस कितीही चकचकीत असो. खात्री करायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या ठेव विमा महामंडळाच्या, म्हणजे डीआयसीजीसीच्या, वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे. त्यात आपल्या बँकेचं पूर्ण नाव शोधा. सहकारी बँकेत भाग म्हणजे शेअर्स घेतले असतील, तर ती रक्कम ठेव नव्हे. तिला विमा नाही.

पाच लाखांचा हिशेब

४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे, त्याआधी ती १ लाख होती. ही मर्यादा एका बँकेत एका माणसामागे आहे, प्रत्येक पावतीमागे नाही. लातूरच्या शाखेतलं बचत खातं, उदगीरच्या शाखेतली मुदत ठेव, आवर्ती ठेव आणि पिग्मी या सगळ्यांची बेरीज होते. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर दुकानाच्या नावाचं चालू खातंही त्याच्या वैयक्तिक खात्यांत मिळवतात. भागीदारी फर्मचं खातं मात्र वेगळं धरतात.

या पाच लाखांत व्याजही येतं, आणि इथेच बरेच जण फसतात. ४,८०,००० रुपये ८ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं साधं व्याज ३८,४०० होतं. एकूण ५,१८,४०० झाले, म्हणजे १८,४०० विम्याबाहेर गेले. ४,६०,००० ठेवले असते तर वर्षअखेरीलाही सगळं आत राहिलं असतं. ठेव पाच वर्षांची असेल तर मुद्दल आणखी कमी ठेवा किंवा व्याज दर तिमाहीला बचत खात्यात घेऊन तिथून काढत चला.

नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याला त्यांच्या स्वतंत्र खात्यांहून वेगळी मर्यादा मिळते. अल्पवयीन मुलाच्या नावे पालक म्हणून उघडलेलं खातंही वेगळं धरतात. तरीही एकाच बँकेत नावं फिरवून पैसे रचण्यापेक्षा दुसऱ्या बँकेत ठेवणं केव्हाही बरं. विम्याचे पैसे मिळाले तरी मधले काही महिने तुमचा सगळा पैसा एकाच ठिकाणी अडकलेला असतो, आणि पेरणी किंवा दवाखाना तेवढं थांबत नाही.

निर्बंध आल्याच्या दिवशी

रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्देश देते. नवी कर्जं आणि नव्या ठेवी थांबतात, पैसे काढण्यावर मर्यादा येते, कधी एक रुपयाही काढता येत नाही. याचा अर्थ परवाना रद्द झाला असा नाही. शाखेसमोर दिवसभर रांगेत उभं राहून मर्यादेपेक्षा जास्त मिळत नाही. त्या दिवशी दुसरी कामं जास्त गरजेची आहेत.

दुसऱ्या बँकेत खातं नसेल तर लगेच उघडा. पीएम किसान, पीक विमा, गॅसचं अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. ती जोडणी नव्या बँकेत करून घ्या, नाहीतर पुढची रक्कमही त्याच अडकलेल्या खात्यात जाईल. पगार, पेन्शन, उसाचं बिल यांच्यासाठी संबंधित ऑफिसात नव्या खात्याचा रद्द केलेला चेक द्या. ट्रॅक्टर किंवा घराचा हप्ता त्या खात्यातून कटत असेल तर तारखेआधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा. हप्ता चुकला तर दंड तुम्हालाच, बँकेवर निर्बंध होते हे कारण आपोआप धरलं जात नाही. लॉकरमधलं सोनं ही ठेव नाही, ते तुमचंच आहे. शाखेत वेळ ठरवून काढून आणा.

दाव्याचा अर्ज

निर्बंधांच्या काळातच विम्याचे पैसे देण्याची ठेव विमा कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. त्याआधी ठेवीदार वर्षानुवर्षं निर्देश उठायची नाहीतर परवाना रद्द व्हायची वाट पाहत बसायचे. आता निर्देश आल्यापासून ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी महामंडळाला देते, पुढच्या ३० दिवसांत तपासणी होते आणि त्यानंतर १५ दिवसांत पैसे येतात. एकूण ९० दिवस. बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण घाटत असेल तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते.

पण यादीत नाव असलं म्हणजे पैसे आपोआप येतात असं नाही. शाखेत संमतीपत्र भरून द्यावं लागतं. सोबत आधार, पॅन, ठेवपावतीची झेरॉक्स आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील. दावा अडकतो तो बहुधा लहानसहान गोष्टींवर. पावतीवर ‘पांडुरंग’ आणि आधारवर ‘पांडूरंग’, लग्नाआधीचं आडनाव, खाते क्रमांकातला एक आकडा, संयुक्त खात्यावर एकाचीच सही. अर्ज देण्याआधी पावती, आधार आणि नव्या खात्याचं पासबुक शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. फरक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका. शाखेकडून शिक्का आणि तारखेची पोच घ्या, तोंडी ‘झालं काका’ यावर निघून येऊ नका. अर्जाची मुदत चुकली तर पूरक यादीत नाव घालण्यासाठी अर्ज द्या.

खातेदार हयात नसेल तर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीला मृत्यू प्रमाणपत्रासह दावा करावा लागतो. ही कागदपत्रं जमवायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

त्याच बँकेचं तुमच्यावर कर्ज असेल तर ते आधी वळतं होतं. ६ लाखांची ठेव आणि २ लाखांचं कर्ज असेल तर उरलेले ४ लाख पूर्ण विम्यात बसतात.

या कामाला कुठलीही फी लागत नाही, विम्याचा हप्ता बँक भरते. ओटीपी मागणारा फोन महामंडळाचा नसतो. पावती निम्म्या किमतीत विकत घ्यायला कुणी आलं तर त्याला परत पाठवा.

पाच लाखांवरचे पैसे

परवाना रद्द झाला की सहकार खातं अवसायक, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमतं. धाराशिवच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला, छत्रपती संभाजीनगरच्या अजंठा अर्बनचा एप्रिल २०२५ मध्ये. अशा वेळी अवसायक तीन महिन्यांच्या आत यादी पाठवतो आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळ विम्याची रक्कम देतं. आधी निर्देशांच्या काळात पैसे घेतले असतील तर तेवढे वजा होतात. वरच्या रकमेसाठी मात्र कर्जवसुली आणि मालमत्तेच्या विक्रीची वाट पाहावी लागते, आणि त्यातूनही महामंडळाची परतफेड आधी होते. अवसायकाकडे लेखी दावा नोंदवा, पत्ता बदलला तर कळवा.

पतसंस्था किंवा मल्टीस्टेट बुडाली असेल तर यातलं काहीच लागू नाही. पतसंस्थेची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे, मल्टीस्टेटची दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे करायची. फसवणूक असेल तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली म्हणजे एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी दावे मागवतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने वाटप होतं. याला वर्षं लागतात. तोवर मूळ पावती कुणालाही देऊ नका, ‘नूतनीकरण करून देतो’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यालाही नाही. पिग्मीचं कार्डही पावतीसोबतच जपून ठेवा.