जनुक-संपादनाचा प्रस्ताव नैतिकता समितीपुढे आल्यास सामान्य सदस्याने तो कसा वाचावा

मानवी जनुकांत फेरफार करावा की करू नये, यावर तासन्‌तास वाद घालता येतो. परंतु रुग्णालयातील संशोधनाच्या प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून नेमलेल्या सदस्यापुढे हा प्रश्न एका जाडजूड फायलीच्या रूपाने येतो आणि बैठकीपूर्वी ती वाचून काढायची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत वैद्यकेतर सदस्य असावेच लागतात, आणि ते शोभेपुरते नसतात. पुढील विवेचनासाठी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील जनुक-संपादनाचे उदाहरण घेतले आहे, कारण हा आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात घरोघरी ठाऊक आहे आणि दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत त्यावरील देशी क्रिस्पर (जनुक-संपादनाचे एक तंत्र) उपचारावर काम चालू आहे.

फाइल उघडल्यावर प्रथम एकच गोष्ट शोधावी : फेरफार कोणत्या पेशींत होणार आहे? रुग्णाच्या रक्तपेशींत केलेला बदल त्या रुग्णापुरताच राहतो. शुक्राणू, बीजांड किंवा भ्रूणात केलेला बदल मात्र अद्याप जन्मालाही न आलेल्या आणि म्हणून संमती देऊ न शकणाऱ्या पिढ्यांपर्यंत जातो. भारतात आयसीएमआरच्या २०१९ च्या जनुकीय उपचारविषयक तत्त्वांनी या दुसऱ्या प्रकारच्या उपचाराला मनाई केली आहे. तसा प्रस्ताव आल्यास पुढची पाने वाचण्याची गरज नाही.

यानंतरचा प्रश्न पर्यायांचा. चीनमधील शेन्झेनच्या विद्यापीठातील संशोधक हे जियानक्वी (‘हे’ हे त्यांचे आडनाव) यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जनुक-संपादित जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचे समर्थन असे होते की, वडील एचआयव्हीबाधित असल्याने मुलींना संसर्गापासून संरक्षण मिळावे म्हणून, एचआयव्हीला पेशीत शिरायला मदत करणारे सीसीआर५ हे जनुक निकामी करण्याचा प्रयत्न केला. वास्तविक वडिलांच्या वीर्यातून विषाणू वगळण्याची पद्धत आधीपासून वापरात होती आणि त्या दांपत्यांसाठी ती वापरलीही गेली होती. म्हणजे संसर्ग टाळण्याचे काम संपादनाविनाच झाले होते आणि जोखीम तेवढी मुलींच्या वाट्याला आली. संमतीपत्रात या प्रकल्पाला ‘एड्स लस विकास प्रकल्प’ म्हटले होते, आणि चाचणीची नोंदणी काम सुरू झाल्यानंतर बऱ्याच काळाने उरकण्यात आली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने हे जियानक्वी यांना तीन वर्षांचा तुरुंगवास आणि ३० लाख युआन दंड ठोठावला.

सिकलसेलच्या प्रस्तावात पर्यायांचा प्रश्न इतक्या ढोबळपणे चुकलेला नसतो, म्हणून तेथे अधिक बारकाईने पाहावे लागते. सहभागींच्या निकषांत ‘उपलब्ध उपचारांनी पुरेसा लाभ न झालेले रुग्ण’ अशा धाटणीचे वाक्य असते. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध नियमित घेतल्यास अनेक रुग्णांच्या वेदनांचे झटके कमी होतात. पण ज्या रुग्णाला त्या गोळ्या सलग मिळाल्याच नाहीत, कारण आरोग्य केंद्रात साठा नव्हता किंवा तालुक्याला जाण्यात दिवसाची मजुरी बुडत होती, त्याची नोंदही याच वाक्याखाली होऊ शकते. औषध देऊनही गुण न येणे आणि औषध न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते संपूर्ण फायलीतील सर्वांत महत्त्वाचा नैतिक प्रश्न येथे दडलेला आहे, आणि तो विचारायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. प्रत्येक सहभागीने किती महिने, किती मात्रेत आणि सलग औषध घेतले याची नोंद मागावी. ती नसेल तर आधी नीट उपचार करून मगच निवड करावी, अशी अट घालावी. अन्यथा सरकारी व्यवस्थेच्या उणिवेची किंमत गरीब रुग्ण स्वतःच्या शरीराने मोजतो आणि कागदोपत्री त्यालाच ‘स्वेच्छा सहभाग’ म्हटले जाते.

आता संमतीपत्र. ते मराठीत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. माडिया, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या घरात छापील मराठी पत्र शासकीय नोटिशीसारखेच वाटते. एक वाक्य निवडून कसोटी लावावी. समजा पत्रात लिहिले आहे : ‘रुग्णावर बुसल्फानद्वारे मायलोअब्लेटिव्ह कंडिशनिंग करण्यात येईल.’ हेच वाक्य असे लिहून मागावे : ‘संपादित केलेल्या नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून तुमच्या हाडांच्या मगजातील रक्त तयार करणाऱ्या पेशी तीव्र औषधाने मारल्या जातील. त्यानंतर काही आठवडे जंतुसंसर्गाचा मोठा धोका राहील व रुग्णालयातच राहावे लागेल. केस गळतील, तोंड येईल. पुढे तुम्हाला मूल होण्यात अडचण येऊ शकते.’ शेवटच्या वाक्यावर संशोधक बहुधा कुरकुर करतील, ‘एवढे लिहिले तर कोणी येणारच नाही’ असेही म्हणतील; त्या बोलण्यावरून वाक्य ठेवणे किती आवश्यक आहे ते कळते. बीजांडे किंवा शुक्राणू आधी गोठवून ठेवण्याची सोय आहे का आणि तिचा खर्च कोण करणार, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे. सहभागी अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी.

सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद पहिला सहभागी घेण्याआधी झालेली असावी, हे एका नजरेत तपासता येते.

पैशाचा भाग मात्र घाईने वाचू नये. १७ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकीय उपचाराच्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याचा यकृताचा आजार आहार आणि औषधांनी आटोक्यात होता. पुढील चौकशीत निघाले की, आधीच्या प्रयोगात माकडे दगावल्याची माहिती संमतीपत्रात नव्हती, आणि प्रमुख संशोधकाचे या तंत्राशी निगडित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रतिकूल निष्कर्ष आणि संशोधकांच्या हितसंबंधांचे घोषणापत्र ही दोन्ही मागावीत. याला जोडूनच विचारावे की, चाचणी यशस्वी झाल्यावर उपचार कोणाला परवडणार? क्रिस्परवर आधारित कॅसगेव्ही या सिकलसेलच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली; अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. ज्यांच्या शरीरावर चाचणी झाली, त्यांच्याच गावात उपचार पोहोचणार नसेल, तर किमान किमतीविषयी लेखी बांधिलकी प्रायोजकाकडून मागणे रास्त आहे.

काही प्रस्तावांत उपचाराच्या आड ‘सुधारणा’ डोकावते, म्हणजे आजार नसताना एखादा गुण वाढवण्याचा हेतू. महाराष्ट्राला यासाठी परदेशी दाखल्यांची आवश्यकता नाही. गर्भातील व्यंग शोधण्यासाठी आलेले तंत्र मुलगी नाकारण्यासाठी वापरले गेले आणि १९८८ मध्ये राज्याला देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानावर कायदा करावा लागला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तेव्हा उद्दिष्टांच्या यादीत आजाराचे नाव स्पष्ट नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.

मंजुरीनंतरही समितीचे काम उरते. जनुकातील बदल मागे घेता येत नाही, म्हणून दीर्घकाळ, साधारण पंधरा वर्षांपर्यंत, पाठपुरावा अपेक्षित असतो; रोजगारासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा पत्ता इतकी वर्षे कसा राखणार, तपासणीसाठी येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार, याचे अंदाजपत्रक प्रस्तावासोबत असावे. गंभीर दुष्परिणाम घडल्यास केंद्राच्या २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार संशोधकाने चोवीस तासांत समितीला कळवायचे असते आणि विश्लेषणासह अहवाल चौदा दिवसांत द्यायचा असतो. हे अहवाल बैठकीत वाचून दाखवले जावेत असा आग्रह धरावा. आपले मत बहुमताहून वेगळे असल्यास ते कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि पुढील बैठकीत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी ती नोंद तशीच आहे ना, हे स्वतः पाहावे.